फिकट शर्ट, गडद पँट

निलेशला शिक्षकाची नोकरी लागली तेव्हा त्याला चौतिसावं वर्ष चालू होतं. परंदवडीत त्याच्या वस्तीतली त्याच्या वयाची पोरं केव्हाच लग्न होऊन, दोन-दोन लेकरांची होऊन बसली होती. हा पंधरा वर्षं उर्श्याकडच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली राबला. पाळी संपवून अभ्यास केला, बी.एस्सी. झाला, बी.एड. झाला, भरतीच्या परीक्षा दिल्या. दोनदा यादीत नाव येता येता राहिलं. तिसऱ्यांदा आलं. लोणावळ्याची शाळा मिळाली. आठवी ते दहावी, विषय गणित.

हजर व्हायच्या आधी तो शाळा बघायला गेला. मुख्याध्यापिका माधवी मॅडमनी त्याची कागदपत्रं एकेक करून पाहिली, सही केली आणि मग त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या अंगात जीन्स होती आणि कंपनीच्या वर्धापनदिनाला सगळ्यांना वाटलेला टी-शर्ट होता. छातीवर कंपनीचं नाव.

"शासनाचं पत्रक आहे," त्या म्हणाल्या. "फिकट शर्ट, गडद पँट, शर्ट आत खोचलेला. जीन्स नको, टी-शर्ट नको. आमच्या शाळेत मुलं आधी कपडे बघतात, मग गणित."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. पण निलेशला ते लागलं. परतीच्या लोकलमध्ये त्यानं सगळा वेळ हात छातीवर घडी घालून ठेवले.

पुढच्या रविवारी तो आईला घेऊन तळेगावला कापड घ्यायला गेला. आईचं नाव चिमाबाई. तयार शर्ट स्वस्त पडतात असं तिचं म्हणणं होतं.

"तयार न्हाई," निलेश म्हणाला. "शिवूनच घ्यायचे."

दुकानात त्यानं तास घालवला. आकाशी घ्यावा तर फार उठून दिसेल, पांढरा घ्यावा तर खडूचा डाग कळणार नाही पण चहाचा कळेल, फिकट पिवळा अंगाच्या रंगावर जाईल का, मुलं नाव तर ठेवणार नाहीत? चिमाबाई कोपऱ्यात स्टुलावर बसून प्रत्येक थानाचं सूत बोटांनी चोळून बघत होती आणि "ह्ये टिकल", "ह्ये न्हाई टिकायचं" एवढंच सांगत होती. शेवटी तीन शर्टांचं आणि दोन पँटींचं कापड घेऊन ते श्रीपती शिंप्याकडे गेले.

श्रीपतीनं गळ्यातली टेप काढली. खांदा मोजला, छाती मोजली, बाही, मनगट, गळा. आकडे वहीत लिहिता लिहिता तो म्हणाला, "उजवा खांदा जरा खाली हाय सर तुमचा. वझं उचललंय जनू. आत पट्टी टाकतो, कळायचं न्हाई."

त्याला पहिल्यांदा कुणी सर म्हटलं ते असं. आणि अंगाचं मापही पहिल्यांदाच घेतलं गेलं. चौतीस वर्षांत त्याच्यासाठी म्हणून कापड कधी बेतलंच गेलं नव्हतं. कंपनीत होता तोवर कंपनीचा राखाडी गणवेश होता, लहान, मध्यम, मोठा, यातला मध्यम. आणि त्याच्याआधी, पहिलीपासून बारावीपर्यंत, विक्कीचे कपडे होते.

विक्की वरच्या आळीचा. गावातली रस्त्याकडेची चांगली जमीन त्यांची. निलेशपेक्षा तीन वर्षांनी मोठा. निलेश सहा वर्षांचा असताना त्याचे वडील हनुमंत यांच्या पायावर कामावर लोखंडी साचा पडला. ते दोन वर्षं अंथरुणाला खिळले आणि नंतरही त्यांना धड चालता आलं नाही. तेव्हा चिमाबाई विक्कीच्या घरच्या रानात कामाला जाऊ लागली. कधी भांगलायला, कधी भात लावायला. येताना तिच्या हातात कधी शर्ट असे, कधी चड्डी, कधी शाळेची पँट. हनुमंत कट्टर माणूस. दुसऱ्याचं उष्टं खायचं नाही, उतरलेलं घालायचं नाही, हे त्यांच्या घरात त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. त्यांना चिमाबाई सांगायची, तळेगावच्या बाजारातून आणलं. त्यांनी ते खरं धरलं की धरल्यासारखं केलं, कोण जाणे. सहा वर्षांमागे ते वारले.

निलेशला मात्र खरं माहीत होतं. तिसरीत असताना शाळेच्या पटांगणात विक्कीनं त्याला सगळ्यांसमोर थांबवलं, त्याच्या शर्टाची कॉलर उलटी केली आणि आतला शाईचा डाग दाखवला. "ह्यो बघा, माझा पेन फुटला होता." पोरं बघायला गोळा झाली होती, हसली होती. विक्कीनं मारलं नाही, शिवी दिली नाही. कॉलर परत नीट केली आणि निघून गेला. नवा शर्ट घातला की दर वेळी तो हेच करायचा.

आता विक्की परंदवडीत राहत नव्हता. जमीन विकून त्यानं वलवणला दोन बंगले बांधले होते, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे लोक तिथं भाड्यानं उतरत. हे निलेशला उडतउडत माहीत होतं. वलवणची मुलं लोणावळ्याच्याच शाळेत येतात, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

शाळा त्याला मानवली. त्याचं शिकवणं चांगलं होतं आणि त्याला ते महिन्याभरातच कळलं. कपड्यांची तो काळजी घ्यायचा. जुलैत लोणावळ्यात काहीच वाळत नाही. भिंती घाम आल्यासारख्या ओल्या असतात. निलेश गावाजवळच्या बेगडेवाडी स्टेशनावर लोकलला चढायचा तो जुन्या टी-शर्टवर रेनकोट घालून. इस्त्रीचा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दप्तरात असायचा. शाळेत आला की प्रयोगशाळेत जाऊन बदलायचा, पट्टा आवळायचा, बुटांवरचा चिखल पुसायचा आणि मगच शिक्षकखोलीत पाय टाकायचा. शेजारच्या वर्गाला विज्ञान शिकवणाऱ्या मानसी मॅडम एकदा हसून म्हणाल्या, "सर, तुम्ही पावसातून येता की कपाटातून?" तो दिवस त्याला फार चांगला गेला.

दहावी 'अ' त सृष्टी नावाची मुलगी होती. दुसऱ्या बाकावर बसायची. गणित आवडणारी. उत्तर आलं तरी समाधान न होणारी. "सर, पण हे असंच का?" हे तिचं वाक्य. मधल्या सुट्टीत वही घेऊन ती त्याच्या टेबलापाशी उभी राहायची, दुसऱ्या कुठल्या तरी पद्धतीनं तेच उदाहरण सोडवून आणलेलं असायचं. निलेशला पहिल्या वर्षीच असा विद्यार्थी मिळाला, हे त्याचं नशीब. तो तिला घरून पुस्तकं आणून द्यायचा.

जुलैच्या शेवटी पालकसभा झाली. वर्गात तीस-पस्तीस पालक बसले होते. निलेश आकाशी शर्टात फळ्यापुढे उभा राहून चाचणीच्या गुणांबद्दल बोलत होता. तेवढ्यात दार ढकलून एक जाडजूड माणूस आत आला, गळ्यात सोन्याची साखळी, हातात गाडीची किल्ली.

"आरं, निल्या!" तो दारातूनच ओरडला. "सर सर म्हनून पोरगी डोकं खाती, त्यो तू व्हय?"

विक्कीला ओळखायला निलेशला क्षणही लागला नाही. विक्की बाकांमधून सरळ पुढे आला, त्याला मिठी मारली, आणि मिठी सोडताना दोन बोटांत त्याच्या शर्टाची कॉलर धरली. चोळून बघितली.

"कापड भारी हाय. शिवून घेतला?"

"हो," निलेश म्हणाला.

विक्की पालकांकडे वळला. "आमी एका गावचे बरं का. लहानपनी ह्याला समदे माजेच कपडे व्हायचे. माज्या अंगावरनं उतरला की ह्याच्या अंगावर. एक खाकी चड्डी तर अशी होती, माज्याकडं दोन वर्षं आन ह्याच्याकडं चार. मागनं ठिगळ लावलेलं, ते बी फाटलं. तरी गडी पहिला नंबर काढायचा!"

पालक हसले. कौतुकानंच हसले; गरिबीतून वर आलेला मास्तर कुणाला आवडत नाही? एक बाई म्हणाल्या, "किती साधेपणानं सांगितलं हो." मागच्या बाकावर सृष्टी बसली होती, विक्कीचीच मुलगी. तीही हसली.

आणि निलेश हसला. हेच त्याला नंतर सगळ्यात जास्त डाचत राहिलं. कुणी हसायला सांगितलं नव्हतं, तरी तो दात काढून हसला. तिसरीत हसला होता तसाच.

त्या दिवसापासून आकाशी शर्ट त्यानं घातला नाही. उरलेल्या दोन शर्टांवर आठवडा काढायचा. वर्गात कुणी मागं कुजबुजलं की त्याला वाटायचं, ठिगळाचंच चाललंय. चाललेलं नसायचं. पालकांकडून ऐकलं असलं तरी मुलं ते केव्हाच विसरली होती.

पाच सप्टेंबरला शिक्षकदिन. शाळेच्या रिवाजाप्रमाणे दहावीची मुलं त्या दिवशी शिक्षक होतात आणि खालच्या वर्गांवर तास घेतात. सृष्टीनं निलेशचा तास मागून घेतला. आठवी 'अ', गणित. तिनं आईची फिकट जांभळी साडी नेसली होती. साडी पहिल्यांदाच नेसलेली. जिथं तिथं पिना. आतून शाळेची ट्रॅकपँट, कारण पुढं दुपारी मैदानावर खेळ होते. डाव्या हातानं ती सारखी निऱ्या सावरत होती.

निलेश शेवटच्या बाकावर बसून ऐकत होता. मुलीनं सुरेख शिकवलं. बेरजेच्या वर्गाचं सूत्र तिनं पाठ करून घेतलं नाही. फळ्यावर चौरस काढला, त्याचे चार तुकडे केले, आणि मुलांकडूनच सूत्र वदवून घेतलं. निलेशला वाटलं, ही माझ्यापेक्षा चांगली शिकवेल. तेव्हा त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

तास संपायला दहा मिनिटं होती. सृष्टीनं टेबलाखालून रंगीत कागदात गुंडाळलेलं मोठं पुडकं काढलं आणि त्याला पुढे बोलावलं.

"सर, हे तुमच्यासाठी. पप्पांनी दिलंय. पॅकिंग मी केलंय."

"उघडा सर, उघडा!" मुलं ओरडायला लागली.

त्यानं उघडलं. आत सहा शर्ट होते. भारी कंपनीचे, इस्त्री केलेले, घडी घातलेले. वरच्या शर्टाच्या काजात लाँड्रीची कागदी चिठ्ठी अडकलेली होती आणि कॉलरच्या आतून घामाची पिवळट रेघ गेलेली होती.

"पप्पांना आता बसत नाहीत," सृष्टी म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. "ते म्हणाले, तुझ्या सरांना लहानपणापासून माझेच कपडे बसतात."

खिडकीजवळचं कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचं. मग सगळा वर्ग. सृष्टीला कळेना काय झालं. मुलं हसतायत म्हणून तीही हसली. त्या हसण्यात काही नव्हतं, गोंधळ होता फक्त. पण निलेशला ते हसू ओळखीचं वाटलं. कॉलर उलटी करून झाल्यावरचं.

त्यानं पुडकं टेबलावर ठेवलं. त्याचा आवाज अगदी शांत होता.

"छान शिकवलंस. आता मी विद्यार्थी. मला एक शंका आहे, टीचर."

"विचारा सर," ती म्हणाली.

"वजाबाकीच्या घनाचं सूत्र असंच चित्र काढून दाखव."

ते आठवीलाच काय, दहावीलाही कुणी चित्र काढून दाखवत नाही. सृष्टी फळ्याकडे वळली. एक ठोकळा काढला, पुसला. पुन्हा काढला.

"मला दिसत नाही," निलेश मागून म्हणाला. "मोठा काढ. वरपर्यंत."

तिनं उजवा हात वर केला. डावा कमरेशी निऱ्यांवर होता.

"दोन्ही हात वापर. एका हातात पट्टी धर, एका हातात खडू. कमरेवर हात ठेवून कोण शिकवतं? मी शिकवतो?"

"सर, ती पिन..."

"पट्टी घे."

तिनं निऱ्या सोडल्या आणि लाकडी पट्टी घेतली. हात वर केले. पोटाशी लावलेली पिन निघाली आणि निऱ्या एकदम पायात आल्या. खाली निळी ट्रॅकपँट, बाजूनं पांढरी पट्टी. आठवीचा वर्ग नुसता फुटला. कुणीतरी बाक बडवला.

ती वाकून साडी गोळा करायला लागली.

"थांब," निलेश म्हणाला. "आधी उत्तर पूर्ण कर. मुलं थांबलीत."

ती सरळ उभी राहिली. एका हातात पट्टी, एका हातात खडू, साडीचा ढीग पायाशी. तिनं फळ्यावर एक रेघ ओढली. ती वाकडी गेली.

"आईची साडी आहे ना?" त्यानं विचारलं.

"हो सर."

"दुसऱ्याचं घातलं की हे असं होतं. साडी नेसली म्हणून कुणी शिक्षक होत नाही, सृष्टी. लक्षात ठेव."

मुलं अजून हसत होती आणि त्यानं त्यांना गप्प केलं नाही. गप्प करायला एक शब्द पुरला असता. खरं सांगायचं तर त्याला त्या वेळी बरं वाटत होतं. फार दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं बरं.

आवाज ऐकून मानसी मॅडम आल्या. त्यांनी दारातून एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. काही न विचारता आत आल्या, साडी गोळा करून तिच्या खांद्यावर टाकली आणि तिला बाहेर घेऊन गेल्या. सृष्टी रडत नव्हती. खडू तिनं जाताना नीट डब्यात ठेवला.

संध्याकाळी निलेश पुडकं घेऊन घरी गेला. शाळेत ठेवून यायचं त्याच्या मनात होतं, पण शिपायानं पळत येऊन हातात दिलं. चिमाबाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. निलेशनं पुडकं तिच्या सुपाशेजारी टाकलं.

"घे. तुज्या विक्कीनं पाठवलंय. अजून बी पाठवतोय."

तिनं कागद बाजूला करून पाहिलं. सवयीनं कापड बोटात धरलं. "चांगलं हाय की."

"चांगलं हाय!" तो ओरडला. शेजारच्या दारात माणसं आली तरी थांबला नाही. "भीक मागून आणायचीस आन माज्या अंगावर घालायचीस. बापाशी खोटं बोलायचीस. जलमभर मला त्यांच्या उतरलेल्यात फिरवलंस. तुला लाज न्हवती, मला हाय. आज भर वर्गात माजी अब्रू गेली, ती तुज्यामुळं!"

चिमाबाईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं.

"भीक?" ती म्हणाली. "कुनी सांगितलं भीक?"

"मंग काय?"

"मी भांगलायची त्यांच्यात. कस्तुराबाई, विक्कीची आई, तिच्या हातात पैसा नसायचा, समदा सासऱ्याकडं. सासरा म्हनायचा, बाईमानसाला पैसा कशाला, धान घिऊन जा. मी म्हनले, धान नगं, पोराला कापडं द्या. चार दिस भांगलन, एक शर्ट. आठ दिस लावनी, पँट. फुकट एक बटन दिलं न्हाई कुनी. तुज्या अंगावर व्हतं ते माज्या हातचं व्हतं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा?"

"आन आबांना तरी..."

"त्येंना काय सांगू? तुमचा पाय ग्येला, आन आता बायकूची मजुरी बी उतरलेल्या कापडात मिळती म्हनून?" तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "आज भीक म्हनालास. चौतीस वर्षांचा हायस. मास्तर हायस."

पुढचे आठ दिवस ती त्याला ताट वाढायची, पाणी द्यायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. पुडक्याचं तिनं काय केलं ते त्यानं विचारलं नाही.

सृष्टी तीन दिवस शाळेत आली नाही. ते तीन दिवस निलेश विक्कीची वाट बघत होता. दारात गाडी थांबली की तो खिडकीशी जाऊन बघायचा. विक्की येईल, माधवी मॅडमच्या खोलीत ओरडेल, नोकरी पहिली तीन वर्षं कच्ची, एका तक्रारीत जाईल. काय बोलायचं तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. कुणी आलं नाही. मानसी मॅडमनीही कुणाला काही सांगितलं नाही; फक्त त्या दिवसापासून त्या त्याच्याशी कपड्यांवरून की कशावरूनच थट्टा करेनाशा झाल्या. चौथ्या दिवशी त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तिनं घरी पोट दुखतंय म्हणून सांगितलंय. घाबरू नका."

ती परत आली तेव्हा शेवटच्या बाकावर बसली. उत्तर विचारलं की उठून सांगायची, बरोबर असायचं, खाली बसायची. "असंच का" हे तिनं पुन्हा विचारलं नाही. पुस्तकं तिनं त्याच्या टेबलावर आणून ठेवली, त्याला तास होता तेव्हा.

त्यानं तिच्याशी बोलायचं दर आठवड्याला ठरवलं. आज नको, चाचणी आहे. आज नको, मैत्रिणी आहेत सोबत. सहामाही झाली, दिवाळी झाली. तिनं घरी सांगितलेलं नाही याची खात्री पटत गेली तशी त्याची घाई कमी झाली.

डिसेंबरात एका दुपारी विक्की शाळेत आला. निलेश शिक्षकखोलीत एकटा वह्या तपासत होता. विक्की दारात थांबला. यावेळी ओरडला नाही.

"येऊ का सर?"

निलेश उठून उभा राहिला. विक्की समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसला, किल्ली मुठीत धरून.

"सर, पोरगीचं काय कळंना. दहावीनंतर गनित नको म्हनती. लहानपनापास्नं तिला इंजिनेर व्हायचं व्हतं, मी नाय लादलं. आता म्हनती, गनित नसलं तिथं कुटंबी घाला. जेवत नाय धड. आईशी बोलत नाय. रात्रंदिवस पाढे म्हनल्यासारखं पुस्तक वाचती, आन गनिताचं नाव काढलं की रडती." त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. "मी दहावी नापास मानूस. मला काय समजनार? तुमीच समजवा. तुमचं लय ऐकायची ती. तुमच्याबिगर दुसरं नाव नव्हतं तिच्या तोंडात."

तो निलेशला तुमी म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदा. जाताना त्यानं हात जोडले.

सांगून टाकावं असं निलेशच्या मनात आलं नाही असं नाही. तोंडापर्यंत आलं. पण समोर हात जोडलेला विक्की उभा होता, आणि असा विक्की त्यानं पंचवीस वर्षं मनात कितीदा तरी उभा केला होता. तो म्हणाला, "बोलतो मी तिच्याशी. काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यानं तिला प्रयोगशाळेत बोलावलं. ती दारापासून दोन पावलं आत येऊन थांबली. हात पाठीमागे.

"सृष्टी, त्या शिक्षकदिनाला... माझं चुकलं."

"हो सर."

"मला दुसऱ्याच कशाचा तरी राग होता. तुझा नव्हता."

"हो सर."

"तू गणित सोडू नकोस. तुझ्यासारखी मुलं मिळत नाहीत."

"हो सर."

"मी सांगतोय म्हणून नाही. तुला आवडतं म्हणून. आवडतं ना?"

"हो सर."

त्याला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. ती त्याच्या बुटांकडे बघत होती. "माझ्यावर राग आहे का?" त्यानं विचारलं.

यावर तिनं मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. तपासणीला आलेल्या साहेबाकडे मूल बघतं तशी ती बघत होती, काय उत्तर दिलं की सोडतील, याचा अंदाज घेत.

"नाही सर," ती म्हणाली. "जाऊ का सर?"

आठवड्यानं विक्कीचा फोन आला. निलेश तासाला निघाला होता, जिन्यात थांबून त्यानं घेतला.

"सर, तुमी काय जादू केली? पोरगी म्हनली, गनित घेते. म्हनलं कसं काय? तर म्हनली, सरांनी सांगितलंय." विक्की खूश होऊन हसत होता. "तुमच्या शब्दाबाहेर नाय ती. असा धाक पायजेच मास्तरचा. उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले," निलेश म्हणाला आणि फोन ठेवला.

तास दहावी 'अ' चाच होता. त्यानं शर्ट खोचलेला आहे ना ते चाचपून पाहिलं आणि वर्गात शिरला. मुलं गप्पांत होती, उठायला त्यांना वेळ लागला. शेवटच्या बाकावरची सृष्टी तेवढी आधीच उभी होती.